सांडशीचं पेटंट: ‘हे तर कुणालाही सुचेल’ म्हणजे नेमकं कुणाला?

कर्वेपुतळा (धागाकर्ता)

मंडळी, घरातला वाद मिटत नाही म्हणून इथे आणतोय.

माझा मावसभाऊ भोसरीत जिग-फिक्श्चरची (यंत्रावर काम करताना वस्तू पक्की धरून ठेवणाऱ्या साधनांची) कामं करतो. मावशीच्या बोटांचे सांधे संधिवाताने आखडलेत. दुधाचं भरलेलं पातेलं सांडशीने उतरवायचं तर मूठ आवळून धरावी लागते, तेच तिला जमत नाही. म्हणून त्याने एक सांडशी बनवली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. मूठ एकदा आवळली की खटका बसतो, पुढे जोर लावावा लागत नाही. आतला जबडा एका डुलत्या तुकड्यावर बसवलाय, त्यामुळे पातेल्याचं वजन आलं की तो खाली ओढला जातो आणि पकड आणखी घट्ट होते. आणि सोडायला अंगठ्यापाशी एक कळ आहे, पण वजन लटकलेलं असेपर्यंत ती दाबलीच जात नाही. पातेलं ओट्यावर टेकलं की मगच मोकळी होते.

मुंबईच्या पेटंट ऑफिसात प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज गेलाय. आता कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) लिहायचंय. आमचे मामा (आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं) म्हणतात, “ह्यात शोध कसला? दोन स्प्रिंगा आणि एक लिंक. माझ्या हाताखालच्या कुठल्याही फिटरने केलं असतं.” माझं म्हणणं, केलं असतं तर मग केलं का नाही? मावशी इतकी वर्षं हात भाजून घेतेय.

कायदा याचा निवाडा कसा करतो, कुणी जाणकार सांगेल का?

सदाशिव_तिरका

पातेलं उतरवून द्यायला मावसभाऊ स्वतः उठला असता तर अर्जाची फी वाचली असती. बाकी चालू द्या, रुमाल टाकून ठेवतो.

ओट्यावरून

तिरकेराव, मावसभाऊ दिवसभर भोसरीत आणि दूध सकाळी सहाला. तुमच्या घरी कोण उतरवतं ते एकदा विचारा.

धागाकर्ते, एक शंका. पातेलं उचलून नेताना मध्येच कुकरच्या कडेला टेकलं तर? वजन क्षणभर जाईल, सांडशी सुटेल, आणि उकळतं दूध पायावर.

कर्वेपुतळा (धागाकर्ता)

नाही, टेकल्याने आपोआप सुटत नाही. टेकल्यावर कळ फक्त मोकळी होते, दाबायची आपणच. म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम लागतात, वजन जायला हवं आणि अंगठाही दाबायला हवा.

दावा_क्रमांक_एक

पेटंट एजंट आहे, वकील नाही, आणि हा सल्ला नाही, गप्पा आहेत. आधी एक इशारा. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. इथे कुणी सुधारणा सुचवली आणि ती तुम्ही कम्प्लीटमध्ये घातली, तर त्या भागाला नंतरची तारीख लागेल आणि तोवर हा धागा जाहीर झालेला असेल, म्हणजे तुमच्याच विरुद्ध पुरावा. तेव्हा यंत्रणेत आणखी काय करता येईल याची चर्चा इथे नको. जे भरलंय त्यावरच बोलू. आणि बारा महिने चुकवू नका, कम्प्लीट वेळेत गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्यात जमा.

आता मामांचं वाक्य. ते हसण्यावारी नेऊ नका. सुप्रीम कोर्टासमोर १९७८ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न होता आणि योगायोगाने तोही भांड्यांचाच खटला होता: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. पितळी भांडी लेथवर धरून कातायची, घासायची. ती नीट धरून ठेवण्याच्या पद्धतीवर १९५१ चं पेटंट. नव्या पद्धतीने काम सोपं झालं, पण लेथ आणि टेलस्टॉक (लेथवर वस्तूला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) हे सगळं आधीच माहीत होतं. कोर्टाने याला वर्कशॉपमधली सुधारणा ठरवून पेटंट अवैध केलं.

पण शोध सहज सुचण्यासारखा (म्हणजे पेटंट न मिळण्याजोगा) आहे का, याची कसोटीही त्याच निकालात दिलीय. एक जाणता कारागीर किंवा इंजिनियर घ्या, नुसता सांगेल ते करणारा हातकामगार नव्हे. अर्जाच्या तारखेला धंद्यात सर्वांना जे ठाऊक होतं ते त्याच्या डोक्यात आहे. अडचण तुमचीच त्याच्यासमोर आहे, पण तुमचं उत्तर त्याला माहीत नाही. जुना कागद हातात दिला, तर “मला हवं ते मिळालं” असं तो म्हणेल का?

मामांनी आधी सांडशी पाहिली, मग मत दिलं. त्यामुळे साक्षीदार म्हणून ते बाद.

भट्टी_भोसरी

मामांची बाजू मी घेतो. फाउंड्रीत तीस-चाळीस वर्षं काढलीत.

पहिला खटका: लॉकिंग प्लायर (आवळली की अडकून बसणारी पक्कड) कुठल्याही गॅरेजमध्ये लटकलेला असतो. नेब्रास्कातल्या डेविट गावच्या विल्यम पीटरसन नावाच्या डॅनिश लोहाराचं त्यावरचं पेटंट १९२४ चं आहे. दुसरी गोष्ट, वजनाने घट्ट होणारी पकड: काँक्रीटचे ब्लॉक, बर्फाच्या लाद्या उचलायचे कैचीसारखे चिमटे बघा. जितकं वजन जास्त तितके जबडे आवळतात. क्रेनला असे टाँग (चिमटे) असतात, त्यात खटकासुद्धा असतो. माल खाली टेकवला, साखळी सैल झाली की खटका पडून जबडे उघडे राहतात.

मग उरलं काय? आणि तुझा भाऊ तर जिग-फिक्श्चरवाला. टॉगल क्लॅम्प (दांडा दाबला की अडकून बसणारा चाप) त्याच्या हाताखालून रोज जातो. त्याला हे सुचण्यात नवल ते काय?

तांबट_आळी

भट्टीकाका, १९२४ पर्यंत जायचीही गरज नाही. आमच्याकडे मठारकामात (हातोडीने ठोकून भांडी घडवताना) तापलेला तांब्याचा पत्रा धरायच्या सांडसाच्या दांड्यांवर लोखंडी कडी असते. कडी मागे सरकवली की दांडे आवळून बसतात, हात मोकळा. माझ्या पणजोबांच्या वेळचा सांडस अजून वापरात आहे. आम्ही त्याला कधी पेटंट वगैरे समजलो नाही 😄

दावा_क्रमांक_एक

तांबट_आळी, ही कडी फार महत्त्वाची आहे. प्रायर आर्ट, म्हणजे अर्जाआधीच माहीत असलेलं ज्ञान, हे फक्त छापील कागदात नसतं. भारतात अर्जाच्या तारखेआधी एखादी गोष्ट उघडपणे वापरात असेल तर त्यावरून विरोध दाखल करता येतो. पेटंट कायद्याच्या कलम २५ मध्ये स्थानिक समाजाचं तोंडी ज्ञान हाही वेगळा आधार आहे. हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं तेव्हा माशेलकरांच्या सीएसआयआरने (सरकारी संशोधन संस्थेने) जुने ग्रंथ आणि लेख काढून दाखवले होते, तो किस्सा पुण्यात कुणाला सांगायला नको.

भट्टीकाका, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला मात्र हरकत. शोध लावणारा स्वतः काय करतो याला किंमत नाही. तो जिग-फिक्श्चरवाला असो, कीर्तनकार असो. कायद्यातला तो ‘जाणता माणूस’ काल्पनिक आहे, आणि इथे तो भांडी व स्वयंपाकाची अवजारं डिझाइन करणारा असेल. त्याला यंत्रशास्त्र येतं, पण त्याने क्रेन पाहिलीच असेल असं गृहीत धरता येत नाही.

खटका आणि वजनाची पकड, या दोन गोष्टी एकेकट्या गेल्या असं धरून चाला. नुसत्या शेजारी ठेवल्या तरी गेल्या. कलम ३(एफ) म्हणतं की ओळखीची उपकरणं एकत्र मांडली आणि प्रत्येक आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोधच नव्हे. तुमचा जीव तिसऱ्या गोष्टीत आहे. वजन खटक्याला सांगतंय की ‘आत्ता सुटायचं नाही’. इथे दोन भाग एकमेकांवर काम करतायत. क्रेनच्या टाँगमध्ये टेकवलं की उघडं, तिथे माणसाच्या चुकीचा प्रश्न नाही. इथे माणसाची चूकच अडवलीय.

ओट्यावरून

हेच मला सांगायचं होतं, फक्त कायद्याची भाषा येत नव्हती. खटक्याच्या सांडशा बाजारात मिळतात की. आईला आणली होती. खटका बसतो, पण उचलल्यावर अंगठा चुकून लागला की सुटतो, त्यामुळे ती अडगळीत गेली. भीती पकडीची नव्हती, सुटण्याची होती.

भट्टी_भोसरी

हं. हा मुद्दा मान्य. पण “वजन असताना सुटू नये” हे काही जगात पहिल्यांदा घडलेलं नाही.

निवृत्त_दर्यावर्दी

बरोबर, घडलेलं आहे. मी जहाजावर चीफ इंजिनियर होतो. लाइफबोट दोन हुकांवर लटकत खाली सोडतात. बोट पाण्यावर टेकायच्या आत हूक सुटले तर माणसं मरतात, आणि मेलेली आहेत. म्हणून हुकाच्या रिलीजला हायड्रोस्टॅटिक इंटरलॉक असतो. खालून पाण्याचा दाब आल्याशिवाय हँडल फिरत नाही. आणीबाणीत तो डावलायची सोय असते, ती वेगळी. आणखी जुन्या पद्धतीचे हूक तर वजन असताना सुटतच नाहीत.

तुमची सांडशी म्हणजे छोटी लाइफबोट झाली. दूध बुडू नये एवढंच.

सदाशिव_तिरका

तांबट आळीतून निघालेला धागा थेट समुद्रात. पुणेकरांना कुठेही न जाता सगळं कळतं ते असं.

कर्वेपुतळा (धागाकर्ता)

दर्यावर्दीकाका, माहितीबद्दल आभार, पण पोटात गोळा आला. अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरला लाइफबोटीचा हूक सापडला तर आमचं संपलं का?

दावा_क्रमांक_एक

नाही, पण इथेच खरी मेख आहे, जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न असा, की सांडशी सुधारायला बसलेल्या त्या काल्पनिक डिझायनरने लाइफबोटीकडे पाहिलं असतं का? पाहता आलं असतं हे पुरेसं नाही. युरोपीय पेटंट ऑफिसात हा फरक फार काटेकोरपणे पाळतात: ‘करू शकला असता’ वेगळं आणि ‘केलं असतं’ वेगळं. काहीतरी कारण हवं, ज्याने त्याचा हात त्या दिशेला वळला असता.

अमेरिकेतले दोन निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण वाचण्यासारखे आहेत. १९९२ चा ओएटिकरचा खटला होझच्या (रबरी नळीच्या) क्लॅम्पचा होता. तिथल्या पेटंट ऑफिसने कपड्यांना लावायच्या प्लास्टिकच्या हुकाचं पेटंट पुढे केलं. कोर्ट म्हणालं, क्लॅम्प करणारा माणूस कपड्यांच्या हुकांत कशाला शोधेल? अर्जदार जिंकला. २००४ च्या बिजिओच्या खटल्यात केसांचा ब्रश होता आणि ऑफिसने टूथब्रश पुढे केले. तिथे अर्जदार हरला. कारण त्याने दाव्यात (अर्जातला ‘एवढ्यावर माझा हक्क’ सांगणारा भाग) ‘हेअर ब्रश’ एवढंच मोघम लिहिलं होतं, डोक्यावरच्या केसांचा असं नाही. मग चेहऱ्यावरचे केसही त्यात आले, आणि तेवढ्या लहान ब्रशच्या रचनेशी टूथब्रशची रचना जुळते असं ठरलं.

म्हणजे जुनी वस्तू किती लांबची हे तिच्यावर जितकं ठरतं, तितकंच तुम्ही स्वतःचा दावा किती ऐसपैस लिहिता यावरही. तुम्ही लिहिलंत “कुठलाही भार उचलण्याचं साधन, ज्यात भार असेपर्यंत रिलीज अडवलेला आहे”, तर लाइफबोट तुमच्या दारात आली. तुमचं क्षेत्रच ‘भार उचलणं’ झालं, मग क्रेन आणि जहाज शेजारी. तुम्ही लिहिलंत “एका हाताने धरायची, भांड्याचा काठ दोन जबड्यांत पकडणारी, आतला जबडा डुलता, त्याच्या हालचालीने अंगठ्याची कळ अडवली जाते”, तर जहाजावरचा हूक फार दूर राहिला. तिथे पाण्याचा दाब इंटरलॉक चालवतो, इथे भांड्याचं वजन, तेही पकडीचाच भाग असलेल्या तुकड्यातून.

लोकांना वाटतं दावा मोठा लिहिला की राज्य मोठं. पेटंट ऑफिसात मोठा दावा म्हणजे शत्रूही मोठे.

निवृत्त_दर्यावर्दी

पटलं. तरी एक विचारतो. वजनाने इंटरलॉक ही कल्पनाच कळली, की पुढचं जोडकाम कुठलाही डिझायनर करेल ना?

दावा_क्रमांक_एक

कल्पना कळली की. हाच तर पश्चातबुद्धीचा सापळा. दिल्ली हायकोर्टाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्लामध्ये पायऱ्या घालून दिल्या: जाणता माणूस कोण ते ठरवा, शोधाचं मर्म काय ते ठरवा, त्या तारखेचं सर्वसाधारण ज्ञान काय होतं ते मांडा, फरक काढा, आणि मग उत्तर माहीत नसल्यासारखं करून त्या फरकाकडे पाहा. शेवटची पायरी सगळ्यात अवघड, कारण उत्तर विसरता येत नाही.

आता उलट बाजू, नाहीतर मी धागाकर्त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय असं वाटेल. अमेरिकी सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये केएसआरच्या निकालात सांगितलं की तो जाणता माणूस यंत्रमानव नाही, त्यालाही बेताची कल्पकता असते. तो ओळखीचे तुकडे जुळवून बघतो. तुमच्या एक्झामिनरच्याही मनात तेच असेल.

कर्वेपुतळा (धागाकर्ता)

आणि “इतकी वर्षं कुणी का नाही केलं” हा माझा मुद्दा? त्याला काही वजन?

दावा_क्रमांक_एक

आहे, पण पुराव्यासकट. इंग्लंडात १९९९ मध्ये हॅबरमनचा निकाल लागला. लहान मुलांचा न सांडणारा पेला, तोटीत चिरेची झडप. अगदी साधी गोष्ट, सगळे सुटे भाग वर्षानुवर्षं उपलब्ध. पण धंद्यातल्या लोकांना असा पेला हवा होता, त्यांनी खटपटही केली होती, आणि तो आला तेव्हा धडाधड खपला. कोर्टाने पेटंट टिकवलं. साधेपणा हा गुन्हा नाही.

तुमच्या बाबतीत मात्र हे दाखवावं लागेल की लोक खरंच शोधत होते. संधिवाताच्या माणसांसाठी कुणी प्रयत्नच केला नसेल तर ‘कुणाला सुचलं नाही’ याचा अर्थ फक्त कुणी लक्ष दिलं नाही. ओट्यावरून यांनी सांगितलेली ती अडगळीतली खटक्याची सांडशी मला फार मोलाची वाटते. दुसऱ्याने तीच अडचण सोडवायचा प्रयत्न केला, आणि चुकून सुटण्याचा धोका तसाच राहिला. अशी एखादी बोहरी आळीतून विकत घ्या, पावती ठेवा.

भट्टी_भोसरी

दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटवरून बजाजने टीव्हीएसशी केलेल्या भांडणाचंही असंच होतं ना? आकुर्डीला तेव्हा दुसरा विषयच नव्हता. दोन प्लगची इंजिनं आधी होतीच, प्रश्न छोट्या इंजिनात ती घालण्यात काही विशेष आहे का हा.

दावा_क्रमांक_एक

साधारण तेच. पण तिथे अंतरिम मनाईवरच (निकाल लागेपर्यंत विक्री थांबवायची का यावरच) वर्षं गेली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने टीव्हीएसला हिशेब ठेवून विक्री करू दिली आणि खटला लवकर संपवा म्हणून सांगितलं. त्यातून सांडशीसाठी फार काही घेण्यासारखं नाही.

घेण्यासारखं आहे ते नांगराच्या खटल्यातून. ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर, अमेरिकी सुप्रीम कोर्ट, १९६६. दगडाळ रानात नांगराचा फाळ दगडावर आदळतो, तेव्हा दांडा मोडू नये म्हणून स्प्रिंगचा क्लॅम्प. ग्रॅहमने आपल्याच जुन्या रचनेत दांडा आणि बिजागरीची पट्टी यांची जागा खाली-वर केली. कोर्टात त्याच्या बाजूने सांगितलं की यामुळे दांड्याला वाकायला जास्त मोकळीक मिळते. कोर्टाने विचारलं, एवढा मोठा फायदा होता तर अर्जात त्याचा उल्लेखही कसा नाही? पेटंट गेलं.

म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये नुसती रचना लिहू नका. अडचण लिहा: खटक्याच्या सांडशा आहेत, पण भरलेलं भांडं हातात असताना कळ चुकून दाबली जाते. मग डुलता तुकडा आणि कळ यांचं नातं लिहा, आणि त्याने ती चूक कशी अडते ते. जमल्यास चाचणी: किती वजनाला कळ अडते, टेकल्यावर कधी मोकळी होते, काठ पातळ असला तर काय, जाड असला तर काय. कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये ‘तांत्रिक प्रगती’ मागितलीय, ती अशी आकड्यांनी दाखवतात. वर्षभराने एक्झामिनरचा रिपोर्ट आल्यावर हा फायदा पहिल्यांदा आठवला तर तो ग्रॅहमच्या नांगरासारखा ऐकला जाईल.

सदाशिव_तिरका

एवढं करण्यापेक्षा आकाराचं डिझाइन रजिस्टर करून मोकळे व्हा ना.

दावा_क्रमांक_एक

करा, स्वस्तात होतं, दहा अधिक पाच वर्षं मिळतात. पण ते फक्त दिसण्याला. आतली यंत्रणा उचलून कुणी वेगळ्या आकाराची सांडशी काढली तर डिझाइनवाला बघत बसेल.

कर्वेपुतळा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मावसभावाला धागा वाचायला दिला. मुख्य दावा कळ आणि डुलत्या जबड्याच्या नात्यावरच ठेवायचा, नुसता खटका आणि नुसती वजनाची पकड यांवर हक्क सांगायचाच नाही, असं तो म्हणतोय. क्रेनचे टाँग आणि लाइफबोटीचे हूक यांचा उल्लेख स्वतःहूनच करावा का, यावर त्याचं आणि त्याच्या एजंटचं बोलणं चालू आहे. चाचणीसाठी तो जाड काठाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यापासून कुकरच्या आतल्या डब्यापर्यंत भांडी गोळा करतोय, त्यामुळे मावशीच्या ओट्यावर सध्या एकही भांडं जागेवर नाही.

मामा अजून म्हणतात फिटरने केलं असतं. आता त्यांना कडीचा सांडस दाखवायचाय. तांबट_आळी, येऊ का बघायला? फोटोही काढायचेत.

तांबट_आळी

या की. पण दुपारी एक ते चार नको, जेवण आणि झोप. सांडस कामात असतो, त्यामुळे फोटो काढायचा तर भट्टी बंद झाल्यावर, संध्याकाळी सातनंतर. मामांना आणा, त्यांच्या फिटरलाही आणा.